विश्लेषण : नवी गाडी, पण मुक्काम गॅरेजमध्ये… सदोष मोटारीच्या ग्राहकाला न्याय मिळणे इतके अवघड का?

नवी मोटार घरी येते तेव्हा बॉनेटवर हळद-कुंकू वाहिले जाते, हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि शेजाऱ्यांना पेढे दिले जातात. तीच गाडी सहा महिन्यांत चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरच्या आवारात जाऊन उभी राहते, तेव्हा त्या कुटुंबाची अवस्था विचित्र होते. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून न चुकता कापला जातो, घरातली माणसे मात्र रिक्षा आणि बसने फिरत असतात. प्रत्येक वेळी ‘आता काही प्रॉब्लेम येणार नाही’ असे सांगितले जाते आणि आठवडाभरात तोच दिवा डॅशबोर्डवर पुन्हा लागतो. दोन-तीन हजारांचा मिक्सर बिघडला तर दुकानदार बदलून देतो. मग दहा लाखांची मोटार बदलून का मिळत नाही? याबाबत कायदा नेमका काय म्हणतो, आणि तो कुठे तोकडा पडतो?

बिघडणारी गाडी आणि लिंबू यांचा संबंध काय?

आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू-मिरची बांधतात. इंग्रजीत मात्र मुळातच खोट असलेल्या, वारंवार बिघडणाऱ्या गाडीलाच ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ‘द मार्केट फॉर लेमन्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. जुन्या मोटारींच्या बाजारात विक्रेत्याला गाडीची खरी स्थिती ठाऊक असते, खरेदीदाराला नसते. त्यामुळे खरेदीदार सावधपणे कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरतात, असा त्यातील युक्तिवाद. भारतातील सावकारी व्यवहाराचे उदाहरणही या निबंधात आहे. माहितीच्या या विषमतेवरील कामासाठी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हीच विषमता नव्या गाडीच्या बाबतीतही आहे. ग्राहकाला फक्त स्वतःची गाडी दिसते. त्याच मॉडेलच्या किती गाड्या त्याच बिघाडासाठी वॉरंटीत आल्या, कोणता सुटा भाग किती वेळा बदलला, याची नोंद उत्पादकाकडे असते. म्हणूनच ‘साहेब, तुमची पहिलीच तक्रार आहे’ हे वाक्य खरे की खोटे, हे पडताळण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नसते.

एकच बिघाड पुन्हा पुन्हा का येतो?

त्यामागे दर वेळी बेफिकिरी असतेच असे नाही. आजची मोटार म्हणजे चाकांवरचे संगणकांचे जाळे आहे. एखादा सेन्सर चुकीचा आकडा दाखवू लागला की गाडीच्या संगणकात एक कोड नोंदला जातो. मेकॅनिक तो कोड यंत्रावर वाचतो. पण कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच कोड सांगतो. नेमका सेन्सर गेला, वायर घासली की कनेक्टरमध्ये पाणी शिरले, हे सांगत नाही. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे सेन्सर बदलणे. घासलेली वायर तशीच राहिली तर दिवा पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर, नंतर वायरिंग, शेवटी मुख्य कंट्रोल युनिट, अशी पायरीपायरीने बदलाबदली सुरू राहते.

त्यातही अधूनमधून येणारा बिघाड सर्वांत त्रासदायक. इंजिन तापल्यावर, घाटाच्या चढावर किंवा मुसळधार पावसातच गाडी बंद पडते आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की मुकाट चालते. जॉब कार्डवर ‘नो प्रॉब्लेम फाउंड’ असा शेरा पडतो. खंबाटकी किंवा कसारा घाटात लहान मुलांसह अडकलेल्या कुटुंबाला या तीन शब्दांनी काय वाटत असेल, याची कल्पना त्या जॉब कार्डवरून येत नाही. शिवाय वॉरंटीतील कामाचा मोबदला केंद्राला ग्राहकाकडून नव्हे, तर उत्पादकाकडून आणि सहसा ठरलेल्या दराने मिळतो. भाग बदलण्याचे काम मोजता येते. दोष शोधण्यात गेलेले तास मोजून घेणे अवघड असते.

काही तक्रारी गाडी आणि वापर यांचे जमत नसल्यामुळेही येतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी काजळी जळावी लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने धावावी लागते. घर ते कार्यालय अशी चार किलोमीटरची रखडत होणारी धाव असेल तर फिल्टर तुंबतो, इशारा देणारा दिवा लागतो. हा उत्पादनातील दोष नाही, हे खरेच. पण रोजचा वापर एवढाच आहे हे ऐकूनही डिझेल गाडी गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने नाही का?

कागदावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव म्हणजे ‘दोष’. तो सिद्ध झाला तर दुरुस्ती, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई, असे आदेश देण्याचे अधिकार कलम ३९ ने ग्राहक आयोगाला दिले आहेत. खरेदीपोटी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये शुल्क आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. शोरूम ज्या शहरात आहे तिथे खेटे घालावे लागत नाहीत.

खरी अडचण पुराव्याची आहे. गाडी बदलून हवी असेल किंवा पैसे परत हवे असतील, तर गाडीत मूळचा, दुरुस्तीने न सुटणारा उत्पादनदोष आहे हे ग्राहकाने दाखवावे, अशी अपेक्षा आयोगांच्या निकालांतून रूढ झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात, वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, अशी भूमिका घेतली. तेव्हापासून ‘भाग बदलून दिला आहे, गाडी बदलण्याचा प्रश्नच नाही’ हा बचाव कंपन्यांच्या वकिलांचा हक्काचा झाला आहे.

दोष उघड दिसत नसेल तर आयोग तांत्रिक तपासणीसाठी गाडी पाठवू शकतो. मात्र त्याचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते. अधूनमधून येणारा बिघाड तपासणीच्या नेमक्या दिवशी येईल याची खात्री कोण देणार?

२०१९ च्या कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण अनेकांना या प्रश्नावरचे उत्तर वाटते. तसे ते नाही. त्या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा वगळला आहे. म्हणजे सदोष ब्रेकमुळे कोणी जखमी झाले तर हे प्रकरण उपयोगी पडते; गाडी नुसतीच वर्षभर बंद-चालू होत राहिली तर नाही.

जबाबदार कोण, विक्रेता की उत्पादक?

ग्राहकाच्या लेखी शोरूमवरची पाटी आणि गाडीवरचा बिल्ला एकच असतो. कायद्याच्या लेखी तसे नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली गाडी प्रत्यक्षात २००९ ची निघाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मधील निकालात न्यायालयाने उत्पादकाला जबाबदारीतून मोकळे केले. उत्पादक आणि विक्रेता यांच्यातील व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असल्याने, विक्रेत्याच्या कृत्याची माहिती किंवा त्यात सहभाग असल्याखेरीज उत्पादकावर बोजा टाकता येत नाही, असे त्यामागील तत्त्व. म्हणूनच तक्रार करताना दोघांनाही प्रतिवादी करणे आणि कोणाची चूक कोणती हे वेगवेगळे मांडणे आवश्यक ठरते.

न्यायालयांनी ग्राहकाची बाजू उचलून धरल्याचीही उदाहरणे आहेत. अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश कायम ठेवला. वेग आणि बल यांचे सिद्धांत मांडून धडकेचा हिशोब करणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असणे ग्राहकाकडून अपेक्षित नाही, असे त्यात म्हटले आहे. हा विचार एअरबॅगपुरता का राहावा? डॅशबोर्डवरचा दिवा पाचव्यांदा का लागला, हे सांगण्यासाठी तरी ग्राहकाने अभियांत्रिकीची पदवी का घ्यावी?

वेळेचे काय? तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. गोव्यातील प्रकरणात खरेदी २०११ ची आणि अंतिम निकाल २०२१ चा. दहा वर्षांत गाडीचेच आयुष्य सरत येते.

मग रिकॉलची तरतूद कशासाठी आहे?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. त्याआधी जुलै २०१२ पासून वाहन उत्पादकांची स्वेच्छा रिकॉलची संहिता होती. नव्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या वाहनांत पर्यावरणाला किंवा माणसांच्या सुरक्षिततेला धोका निर्माण करणारा दोष असेल तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठी विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी याव्या लागतात.

ही तरतूद महत्त्वाची आहे, पण ती समूहासाठी आहे. एकट्यादुकट्या गाडीच्या जन्मजात दुखण्यावर तिच्यात औषध नाही. गिअर अडकणे, वातानुकूलन यंत्रणा दर महिन्याला बंद पडणे किंवा काचा अर्ध्यावर थांबणे, या गोष्टी सुरक्षेच्या व्याख्येत बसतीलच असे नाही. मनस्ताप देण्यास मात्र त्या पुरेशा आहेत.

इतर देशांनी काय मार्ग काढला?

अमेरिकेत १९७५ मध्ये वॉरंटीविषयीचा संघीय कायदा झाला आणि १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला. पुढे सर्व राज्यांत असे कायदे आले. त्यांचे मर्म आकड्यांत आहे. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत एकाच दोषासाठी चार किंवा अधिक वेळा दुरुस्ती झाली, जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन वेळा झाली, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीत राहिली, तर ती सदोष असल्याचे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर पडतो. कंपनीने अशी गाडी परत घेऊन पुन्हा विकली तर तिच्या कागदपत्रांवर तशी नोंद करावी लागते.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते, ती फसली की ग्राहक पुन्हा वस्तू नाकारू शकतो. सिंगापूरने सप्टेंबर २०१२ पासून असाच कायदा लागू केला. तिथे सहा महिन्यांत उघड झालेला दोष खरेदीच्या वेळीच होता, असे मानले जाते. तपशील निराळे असले तरी सूत्र एकच, ते म्हणजे ग्राहकाच्या सोसण्याला कायद्याने घातलेली मर्यादा. भारतात ही मर्यादा कुठेही लिहिलेली नाही. चौथ्या वेळी सर्व्हिस ॲडव्हायझर ‘आणखी एकदा बघू या’ म्हणतो, तेव्हा त्याला नाही म्हणण्याचा आधार ग्राहकाकडे नसतो.

या सोसण्याची किंमत किती?

साधा हिशोब करून पाहता येतो. समजा आठ लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे १६ हजार ६०० रुपये येतो, म्हणजे दिवसाला साधारण साडेपाचशे. गाडी वर्षात ४० दिवस दुरुस्तीत राहिली तर २२ हजार रुपयांचे हप्ते न वापरलेल्या गाडीसाठी भरले गेले. विमा, भाड्याच्या गाड्या, बुडालेल्या रजा वेगळ्याच. वॉरंटीत काम ‘फुकट’ झाले असे बिलावर दिसते. ग्राहकाला ते फुकट पडलेले नसते.

परताव्याचा आदेश झाला तरी प्रश्न संपत नाही. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहन कर आकारला जातो. गाडीची शोरूममधील किंमत परत मिळाली, पण कर, नोंदणी आणि विम्याचा खर्च तक्रारीत मागितलाच नसेल तर तो मिळण्याची आशा कमी.

वॉरंटी संपल्यावर दुरुस्त करत राहायचे की विकायचे?

इथे बहुतेकांची गफलत होते. ‘आतापर्यंत दीड लाख घातले, आता कशी सोडू’ हा विचार स्वाभाविक असला तरी फसवा आहे. गेलेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. पुढच्या वर्षभरात या गाडीवर किती खर्च होईल, आणि तो करून तिची किंमत किती वाढेल, एवढेच पाहायचे असते. दोन लाखांना जाणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सवर ७० हजार खर्चून ती सव्वादोन लाखांना जाणार असेल, तर उरलेले ४५ हजार वापराच्या सोयीसाठी मोजले जात आहेत. त्या पैशात खात्रीचा वापर मिळणार असेल तरच ते काम करावे.

दुरुस्तीचा खर्च खुल्या स्पर्धेने कमी होऊ शकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे, हा आक्षेप होता. पुढे हे प्रकरण न्यायालयीन वाटेने गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटार क्षेत्राचाही समावेश आहे. पण पोर्टलवर माहिती असणे आणि नाक्यावरच्या मेस्त्रीला ती यंत्रे परवडणाऱ्या दरात मिळणे, यात बरेच अंतर आहे.

आणि विकायचे ठरले तर? इथे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. खोट सांगितली तर गाडीला गिऱ्हाईक नाही, लपवली तर आपले दुखणे दुसऱ्या कुटुंबाच्या दारात नेऊन ठेवायचे. अकरलॉफ यांचा सिद्धांत इथे घराघरात उतरतो. एरवी सरळमार्गी असणारा माणूस ‘गाडी एकदम मक्खन आहे’ म्हणू लागतो. नव्या गाडीच्या खरेदीदाराला न मिळालेल्या न्यायाची किंमत अशा रीतीने जुन्या गाडीचा खरेदीदार मोजतो, आणि तो बहुधा कमी ऐपतीचा असतो.

ग्राहकाने काय खबरदारी घ्यावी?

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. दर वेळी तक्रार आपल्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढ्यावर सही करू नये. गाडी दिल्याची आणि मिळाल्याची तारीख नोंदवलेली असावी. बिघाड होताच व्हिडीओ काढावा, डॅशबोर्डसह. फोनवरचे आश्वासन पुराव्यात टिकत नाही; त्यामुळे बोलणे झाल्यावर तेच ई-मेलने कळवून ठेवावे, विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही. तिसऱ्या वेळीही तोच दोष आला तर लेखी नोटीस द्यावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. ‘बघू, करू’मध्ये ही मुदत निघून जाऊ देऊ नये. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंद करावी, कारण त्या संख्येवरच रिकॉल ठरतो.

बदल कोणता हवा?

नव्या आयोगांची किंवा नव्या कार्यालयांची गरज नाही. पहिल्या दोन वर्षांत एकाच दोषासाठी चार वेळा, ब्रेक किंवा स्टिअरिंगसारख्या दोषासाठी दोन वेळा दुरुस्ती, किंवा एकूण ३० दिवस गाडी बंद, अशी मर्यादा ग्राहक संरक्षण कायद्यात घालता येईल. ती ओलांडली की पुराव्याचा भार कंपनीकडे जाईल आणि ग्राहकाला गाडी बदलून घेण्याचा किंवा करासह पैसे परत मागण्याचा हक्क मिळेल. परत घेतलेल्या गाडीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत कायम राहिली तर पुढचा खरेदीदारही फसणार नाही.

याचा गैरवापर होईल, किमती वाढतील, आपल्याकडचे रस्ते आणि चालक पाहता प्रत्येक बिघाड कंपनीच्या माथी मारला जाईल, असे आक्षेप घेतले जातील. त्यात तथ्य नाही असे नाही. म्हणूनच हे गृहीतक खोडून काढण्याची संधी कंपनीला असली पाहिजे आणि ग्राहकाने केलेल्या वापराची वाजवी रक्कम परताव्यातून वजा व्हायला हवी. पण आज सगळा धोका ज्याच्याकडे ना यंत्र आहे, ना आकडेवारी, ना वकिलांची फौज, त्याच्याच डोक्यावर आहे. तो निदान वाटून घेतला जावा, एवढीच ही मागणी आहे.

गाडीखाली लिंबू ठेवणे ही श्रद्धेची बाब आहे. गाडीच ‘लिंबू’ निघाली तर मात्र त्यावरचा उतारा कायद्याच्या पुस्तकातच सापडायला हवा.